त्रेसष्ट जणांची हजेरी

जितेंद्रला दुकानदार म्हणणं हा दुकानदारीचा अपमान आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे, आणि एकदा नव्हे. सीताबर्डीत व्हरायटी चौकाच्या मागे आमची गल्ली. तिच्यात एका बाजूला त्याचं 'जितू गेम्स' आणि बरोबर समोर माझं बॅगांचं दुकान. मी बॅगा विकतो, बिघडलेल्या चेन बदलून देतो, आणि उरलेल्या वेळात इच्छा असो नसो, जितूकडे पाहतो. गल्लीत मला सगळे भैय्याजी म्हणतात. माझं वय एकसष्ट, त्याचं चव्वेचाळीस, आणि आमची दुकानं समोरासमोर आहेत त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

कोणी व्हिडिओ गेम खेळायचा नवा रिमोट मागायला आलं की जितू म्हणणार, "नवा काहून घेता? जुना आणा, साफ करून देतो." इथवर ठीक आहे. पण जुना साफ करून हातात दिला की त्याला वाटायला लागतं, नवाच घेतला असता तर बरं झालं असतं, आणि तेही तो सांगून टाकतो. गिऱ्हाईक बिचारं एका हातात जुना आणि एका हातात नवा रिमोट धरून दाराशी उभं. "इकडूनही बराबर आहे, तिकडूनही बराबर आहे," असं म्हणून जितू दोन्हीकडून अंग काढून घेतो. वैताग येतो. तरी लोक त्याच्याकडेच जात, कारण त्याचा एक नियम होता. जुन्या खेळाची तबकडी घरी न्या, आठ दिवस खेळा, नाही पटली तर परत आणा, एक शब्द विचारणार नाही. आठ दिवसांत वस्तूचा खरा रंग कळतो, असं त्याचं म्हणणं. स्वतःचा रंग त्याला चव्वेचाळीस वर्षांत कळलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एका बाबतीत मात्र हा माणूस कधी गोंधळला नाही. दुकानापुढे बाक, आत मोठा टीव्ही. दोघे खेळत आणि दहा-बारा जण बाकावर बसून, उभं राहून पाहत. जितू मागे उभा राहून बोलत राही. "आता पाहा, हा डावीकडून जाईन. गेला? मी म्हटलं होतं ना गा." दुसऱ्याच्या खेळात पुढची चाल त्याला लख्ख दिसायची. कित्येक जण खेळ नव्हे, त्याचं बोलणं ऐकायला थांबत. मीही थांबायचो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

ते एवढंसं दुकान अर्धंच त्याचं. दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या बायकोचं, हर्षाचं, मॅचिंग सेंटर. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, रिळं. बर्डीत साडी घेतली की बायका तशाच पिशवी घेऊन तिच्याकडे येत. हर्षा साडीचा पदर धरून गल्लीत उन्हात जायची, एकदा पाहायची आणि आत येऊन बरोबर तेच रीळ काढायची. रंगांना तिची स्वतःची नावं होती. एक पिवळा पाच वेळा धुतलेल्या हळदीच्या कपड्याचा, एक गुलाबी बारशाचा, एक हिरवा नुसता 'नाराज'. बारा वर्षांपूर्वी तिने चाळीस रिळांवर सुरुवात केली होती. आता भिंत भरली होती. तिच्या गिऱ्हाइकांची बडबड आणि इकडच्या खेळाचा धडाधडा आवाज एकमेकांत मिसळून गल्लीत यायचा आणि कोणाचं काही अडायचं नाही.

मग खेळ तबकडीतून यायचे बंद झाले. सरळ तारेतून घरी उतरायला लागले. तबकडी नाही तर जितू विकणार काय आणि आठ दिवसांनी परत घेणार काय? तेव्हा त्याने शनिवारचे सामने सुरू केले आणि ते एका मोठ्या व्हिडिओच्या साइटवर थेट दाखवायला लागला. कुठून कुठून लोक पाहत. दोनशे, कधी अडीचशे. जितू त्यांच्याशी बोले, पाहणारे खाली लिहीत, आणि सोमवारी त्यातला एखादा दुकान शोधत येई. बरं चाललं होतं.

घोडं अडलं ते एका वरातीने. लग्नसराईतला शनिवार, सामना अगदी अटीतटीचा, आणि गल्लीतून वरात निघाली. बँडवाल्यांना आमच्याच दारात नाचणारे मिळाले. दहा मिनिटं त्यांनी तेच एक सिनेमाचं गाणं वाजवलं. साइटवरच्या यंत्राने ते गाणं ओळखलं आणि गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणून जितूचं प्रक्षेपण मधेच बंद केलं. जितू कपाळाला हात लावून म्हणाला, "भैय्याजी, बँड का मी बोलावला होता?" पुढच्या शनिवारी आणखी एक झालं. ऐन सामन्यात जाहिरात आली, कुठल्या तरी बड्या दुकानाची, आणि तीही जितू विकतो त्याच रिमोटची. पडद्याखाली जितूचं नाव आणि वर दुसऱ्याचा माल.

हर्षाचा धाकटा भाऊ अश्विन मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणाला, "भाऊजी, दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस बसाचं? आपली स्वतःची सेवा बनवून टाकू. थेट प्रक्षेपण आपलं, पाहणारे आपले, खाली माल पण आपलाच." पोरगा हुशार आहे, शंका नाही. पण त्याने एक गोष्ट जोडली. रोज दाखवायचं तर शांत खोली लागेल. यंत्रं ठेवायला जागा लागेल. म्हणजे दुकानाचा दुसरा अर्धा भाग लागेल. हर्षाचं काउंटर उचलून लांब हुडकेश्वरला, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत न्यायचं.

आता हुडकेश्वरला फॉल घ्यायला कोण जाणार? बाई बर्डीत साडी घेते, फॉल तिथेच घेते आणि बसमध्ये बसते. हे मला कळत होतं, अश्विनला कळत नव्हतं, आणि जितूला कळत होतं की नाही हे कोणालाच कळत नव्हतं. हर्षाच्या एकीकडे भाऊ, दुसरीकडे नवरा. ती रिळं पुसत राहिली.

जितूचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "मोठ्या साइटवर सगळं जग आहे. तू भरलेली जत्रा सोडून वावरात दुकान मांडशील, तर तिथं येईन कोण?" त्याला पटलं. मग पलीकडच्या कौशल्याबाईंना विचारलं. त्या पापड-कुरडया विकतात. त्या म्हणाल्या, "आपलं ते आपलं असते, बापू." तेही पटलं. रसवंतीवाल्याला विचारलं, बँकेच्या शिपायाला विचारलं, चेन बदलायला आलेल्या माझ्या गिऱ्हाइकालासुद्धा विचारलं. रोज सकाळी तो एका बाजूचा असे आणि संध्याकाळी दुसऱ्या. एकदा तर माझ्याकडे चहा पिता पिता अर्ध्या कपाला तो बनवायच्या बाजूचा होता आणि कप ठेवताना विरोधात गेला. मी चिडून म्हटलं, "तूच म्हणतोस ना, आठ दिवसांत खरा रंग समजते? मग आठ दिवस करून पाहा आणि माझं डोकं सोड."

हे माझं वाक्य. मीच बोललो. पुढे जे झालं त्यात माझा वाटा इथून सुरू होतो.

त्याला ते एकदम पटलं. अश्विनने कामचलाऊ सेवा उभी केली. रोज सात ते साडेआठ. आठ दिवस पाहणारे टिकले तर नवव्या दिवशी सकाळी सुतार येऊन हर्षाचं काउंटर काढणार, नाही टिकले तर सेवा बंद. तोवर दुकानाच्या मधोमध जाड पडदा लावला आणि हर्षाने संध्याकाळी सातनंतर गिऱ्हाईक घ्यायचं नाही असं ठरलं. बायकांची खरी वेळ तीच. कचेऱ्या सुटल्यावरची.

जुन्या साइटवर जितूने पाटी लावली, आठ दिवस इकडे या. पण पाटी लावून त्याचं समाधान होईना. आमच्याकडे फोनवर दिलेलं आमंत्रण कोणी आमंत्रण धरत नाही. घरी यावं लागतं, बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो. जितूने तसंच केलं. स्कूटर काढली आणि लग्नाची पत्रिका वाटावी तसा चार दिवस फिरला. गल्लीतली सगळी दुकानं, जुनी गिऱ्हाइकं, नात्यातले. एसटीने उमरेडलाही जाऊन आला. तिथे ताराचंद म्हणून त्याचं जुनं गिऱ्हाईक आहे, कोळसा खाणीत नोकरीला. प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः सेवा टाकून दिली, नाव भरून दिलं आणि निघताना हात जोडून म्हणाला, "सातले येजा बरं, नक्की." माझ्याकडे तर समोरच्या समोर रीतसर आला, बसला, चहा प्याला आणि मग आमंत्रण दिलं.

पहिल्या दिवशी आकडा लागला त्रेसष्ट. पडद्यापलीकडून जितूची आरोळी मला दुकानात ऐकू आली. दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट, तिसऱ्या दिवशी बासष्ट, चौथ्या दिवशी पुन्हा त्रेसष्ट. अश्विन तर थक्क झाला होता. "भैय्याजी, लोक असे टिकतच नाही कुठं," तो मला म्हणाला. "दोन मिनिटं पाहते अन् निघून जाते. इथं सातले आले तर साडेआठलेच जाते. एक पण मधात उठत नाही."

 मी मधे का उठत नाही, हे मला मात्र माहीत होतं. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं पाहिलं. मग एका शाळेच्या दप्तराची चेन लावायची होती. मी आवाज बंद केला आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. बंद कसा करणार? आत नावाची यादी दिसत होती, माझं नाव गेलेलं त्याला दिसलं असतं. घरी येऊन चहा पिऊन माणसाने बोलावलं आणि आपण पंगतीतून उठायचं? दुसऱ्या दिवशी सातला फोन लावला आणि सरळ ड्रॉवरमध्ये टाकला.

पण मला वाटत होतं की असा मी एकटाच. पाचव्या दिवशी सव्वासातला कौशल्याबाईंकडे पापड घ्यायला गेलो तर त्यांचा फोन चार्जिंगला, पडदा भिंतीकडे करून. आतून जितूचा आवाज बारीक येत होता. मी फोनकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लावून ठेवला," त्या म्हणाल्या. "बिचारा घरी आला होता." सहाव्या दिवशी ताराचंद सामान घ्यायला बर्डीत आला. मोठ्या अभिमानाने म्हणाला, "भैय्याजी, मी तर दोन हजेऱ्या लावून राहिलो. एक माही, एक मंडळीची. जितूभाऊले नाराज नाही करू शकत." त्या वेळी सात वाजून गेले होते आणि ताराचंदचा फोन उमरेडला घरी होता.

मग मी यादी नीट पाहिली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं जितूने स्वतः भरून दिलेली. जुन्या साइटवरचे ते दोनशे अनोळखी, ज्यांनी त्याला चहा पाजलेला नव्हता आणि ज्यांना कोणाची भीड नव्हती, त्यातला एकही पाटी वाचून आला नव्हता. म्हणजे जितू रोज दीड तास त्रेसष्ट ड्रॉवरांशी बोलत होता.

हे त्याला सांगायचं कसं? सांगावं तर सगळ्या गल्लीला खोटं पाडल्यासारखं होतं आणि त्याचा तो चेहरा पाहवला नसता. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नव्हता. न सांगावं तर हर्षाचं काउंटर जातं, आणि ते उचलायला माझ्या ड्रॉवरातल्या फोनचाही हात लागतो.  मी जितूला इतकी वर्षं हसलो, आणि आता इकडूनही बरोबर, तिकडूनही बरोबर, अशी माझीच गत झाली होती. स्वतःची लाज वाटली. आणखी लाज याची वाटली, की लाज वाटूनही सातला मी फोन लावत होतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी हर्षा रिळं खोक्यात भरताना दिसली. सकाळी सुतार येणार होता. ती प्रत्येक रीळ भरण्याआधी त्याचा सुटलेला दोरा खाचेत अडकवत होती. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. आठ वाजता मी दुकान उघडं टाकून गल्ली ओलांडली आणि प्रक्षेपण चालू असताना सरळ आत शिरलो.

आत सुशील नावाचा वीज कंपनीतला लाइनमन आणि प्रीती नावाची दाताची डॉक्टर, दोघे गाड्यांची शर्यत खेळत होते. अश्विन लॅपटॉपपुढे. जितू माइक धरून बोलत होता. मी म्हणालो, "जितू, माझा फोन आठ दिवसांपासून ड्रॉवरमध्ये आहे."

"भैय्याजी, आपण थेट सुरू आहो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मला माहीत आहे. कौशल्याबाईंचा भिंतीकडे तोंड करून आहे. ताराचंदचे दोन उमरेडला घरी पडले आहेत आणि तो परवा इथं बर्डीत होता. तुझ्या भिडेखातर लावून ठेवतात रे सगळे. कोणी पाहत नाही."

हे सगळं माइकवरून गेलं. मी वाट पाहिली की आता कोणी तरी खाली काही लिहील, रागावेल, निदान कौशल्याबाई धावत येतील. आकडा त्रेसष्ट. कोणी हललं नाही. सुशील आणि प्रीतीने रिमोट खाली ठेवले. जितूने माइक तोंडाजवळ नेला आणि म्हणाला, "कोणी ऐकून राहिले असान तर फक्त 'आहे' असं लिहा." 

एक मिनिट गेलं. अश्विन लॅपटॉपच्या कडेला बोट घासत होता. मग पडद्यावर एकच ओळ आली. "मी आहे." आणि पुढे नाव, हर्षा.

जितू उठला आणि पडदा बाजूला केला. ती पलीकडे स्टुलावर खोक्यांमध्ये बसली होती, फोन हातात. आमंत्रणं द्यायला निघताना जितूने तिच्या फोनमध्येही सेवा टाकली होती, आकड्यात एक वाढावा म्हणून. ती गप्प बसली असती तर तिचं काउंटर तिथल्या तिथे वाचत होतं, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं.

"तू पाहून राहिली होती का वं?" जितूने विचारलं.

"आठही दिवस."

"काहून?"

"माही जागा कशासाठी जाऊन राहिली ते पाहाले नको का मले?"

 जितूने एक खोकं उघडून आत पाहिलं. मग त्याने विचारलं, "मंग? कसं वाटलं?" आणि माझ्या लक्षात आलं की रसवंतीवाल्यापासून माझ्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्या बर्डीला विचारून झालं होतं, हिला तो आज पहिल्यांदा विचारत होता.

"चांगले बोलता तुम्ही," हर्षा म्हणाली. "मले गाड्या समजत नाही, तरी मी पाहत होती. पण सहाव्या दिवशी इंदूबाई आल्या होत्या. माही बाजू बंद दिसली म्हणून तुमच्या दारातून डोकावल्या, लेकीच्या साडीचा फॉल पाहिजे होता. तुम्ही बोलणं नाही थांबवलं. हातानं जा म्हटलं त्याईले, असं." तिने हात हलवून दाखवला, माशी हाकलावी तसा. "मले ते फोनमध्ये दिसलं. इंदूबाई माह्या पयल्या गिऱ्हाईक आहे."

"मले आठवत नाही," जितू म्हणाला.

"आठवणार कसं? तुम्ही पडद्याकडं पाहून राहिले होते."

ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. अश्विनने लॅपटॉप मिटला. प्रक्षेपण बंद झालं तरी त्रेसष्टांपैकी कोणाचा फोन आला नाही. मी पायऱ्या उतरून माझ्या दुकानात आलो. मी बरं केलं की वाईट, हे मला त्या रात्री कळलं नाही आणि आजही पुरतं कळत नाही.

सकाळी सुतार टेप आणि पहार घेऊन आला तेव्हा मी शटर उघडत होतो. तो जितूला म्हणाला, "हे काउंटर काढाचं ना, मालक?"

जितू म्हणाला, "हिले विचारा."

सुतार हर्षाकडे वळला. साडीचा रंग एका नजरेत ओळखणारी ती बाई बराच वेळ तशीच उभी राहिली, एकदा भिंतीकडे पाहत, एकदा जितूच्या टीव्हीकडे, एकदा बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे. जितू तिच्या तोंडाकडे पाहत होता आणि या वेळी त्याने मधे एकही शब्द घातला नाही. शेवटी ती सुताराला म्हणाली, "आज पडदा काढून टाक, भाऊ. बाकीचं मले समजून नाही राहिलं अजून. समजलं की मी सांगीन."